लास्ट म्हणजे नेमकं काय

जोड्यांच्या त्या कारखान्याच्या दारावर एक पाटी होती. पाटीवर मालकांचं नाव आणि त्याखाली इंग्रजीत 'सोल प्रोप्रायटर' असे दोन शब्द. मेस्त्रींनी उभ्या आयुष्यात त्या शब्दांचा एकच अर्थ लावला होता: तळव्यांचा मालक. सोल म्हणजे जोड्याचा तळवा, हे त्यांना कामाला लागल्या दिवसापासून ठाऊक होतं. खटकायचं ते एवढंच, की मालक तळव्यांचा, तर मग टाचांचा कोण? एकदा त्यांनी मालकांना तसं विचारलंही. मालक पोट धरून हसले आणि म्हणाले, "टाचा तुमच्या." तेव्हापासून मेस्त्री टाचांकडे जरा जास्त लक्ष देत.

कारखाना म्हणजे रस्त्याच्या पातळीखालची एक लांबट खोली. पायऱ्या उतरून आत जायचं. खिडकी होती, पण छताला लागून, आणि तिच्यातून दिसायचे ते फक्त जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय. त्यामुळे मेस्त्री गल्लीतल्या माणसांना चेहऱ्याने कमी आणि टाचेच्या झिजेने जास्त ओळखत. खिडकीखाली मालकांची खुर्ची होती. मालक वारले, खुर्ची राहिली. तिच्यावर कोणी बसत नसे, पण मेस्त्री रोज सकाळी ती पुसत आणि पुसायला जरा जास्तच वेळ लावत. ती खुर्ची आपल्याला मिळावी, हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला ते न सांगताच कळलं होतं.

हाताखाली दोघे. तळवे ठोकणारा तो खिळा. अंगानेही तसाच, आणि बोलायचाही तसंच, थोडं आणि टोचून. शिवणारा तो सुतळी. त्याचं बोलणं एकदा सुटलं की टोक सापडत नसे. या दोघांपुढे मेस्त्रींनी वर्षानुवर्षं आपल्या इंग्रजीचा दबदबा राखला होता. पॉलिशच्या डबीवरचं ते मोठ्याने वाचत. सरसाच्या डब्यावरचं मनात वाचत, आणि "हं, तेच लिहिलंय" म्हणून मान हलवत. अक्षरं त्यांना लागत होती, शब्द अडखळत जुळत होते. अर्थ मात्र डबा उघडल्यावर कळायचा.

मालक गेल्यावर त्यांची लेक, म्हणजे ताई, परदेशातून आली, बरोबर जावई. जावई तिकडचाच, आपल्या भाषेतला एक शब्द त्याला येत नव्हता, पण जोड्यांवर त्याचा जीव होता. त्याने भोक पाडायची प्रत्येक आरी, चामडं कापायची प्रत्येक रापी हातात घेऊन पाहिली. मग ताईने सगळं समजावून सांगितलं. जावईच आता कारखान्याचं बघणार. तो कामाचं सामान पाठवेल, महिनाअखेर परत येईल, आणि झालेलं काम एका मोठ्या प्रदर्शनात मांडेल. जमलं, तर कारखाना मेस्त्रींच्या हाती. नाही जमलं, तर जागा विकायची. ताईने हे सांगताना खुर्चीकडे पाहिलं. मेस्त्रींनी पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले.

"एकच अडचण," ताई म्हणाली, "हे कामाचं लिहितात ते इंग्रजीत, आणि अगदी मोजकं. तुम्हाला जमेल ना मेस्त्री? नाहीतर मी आपल्या भाषेत लिहून देत जाईन."

विचारणं साधं आणि मायेचं होतं. पण मागे खिळा आणि सुतळी हातातलं काम थांबवून उभे होते.

"त्यात काय, ताई. इंग्रजी तर रोजच हाताखालून जातं," मेस्त्री म्हणाले. आणि जावयाकडे वळून त्यांनी आपल्या भात्यातला खात्रीचा बाण सोडला, "नो प्रॉब्लेम."

जावई खूश झाला. सुतळीने ही हकिगत त्या दिवशी अख्ख्या गल्लीला सांगितली.

पुढे खोकं आलं. आत चार जोड्यांचं कापलेलं चामडं होतं, आणि प्रत्येकाला टाचणीने एक चित्र लावलेलं. चित्रं इतकी स्वच्छ होती की टाका कुठे, टाच किती, नाडी कशी, सगळं एका नजरेत कळत होतं. तळाशी कागदात गुंडाळलेला एक जुना बूट होता, एकच, डाव्या पायाचा. तो मालकांचा. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, आणि तिच्यावर इंग्रजीत तीन शब्द.

आता चार चित्रं कोणालाही कळत होती आणि तीन शब्द कोणालाच कळत नव्हते. तेव्हा महत्त्वाचं काय, हा प्रश्नच उरला नाही. चार जोडे माळ्यावर गेले, आणि बूट मधल्या मेजावर आला.

मेस्त्रींनी चिठ्ठी डोळ्यांपासून दूर धरली, जवळ धरली आणि वाचली, "मेक. धिस. लास्ट."

"काय लिहिलंय?" खिळ्याने विचारलं.

"हं, तेच लिहिलंय," मेस्त्री म्हणाले. पण या वेळी उघडायला डबा नव्हता.

मेक म्हणजे करा, धिस म्हणजे हा, इतकं तिघांनाही येत होतं. आणि लास्ट कोणाला येत नाही? बसचा लास्ट स्टॉप, अर्जाची लास्ट तारीख, बिडीचा लास्ट झुरका. सुतळीने तिन्ही शब्द एकत्र शिवले आणि त्याचा चेहरा पडला. "हा शेवटचा करा," तो म्हणाला. "म्हणजे याच्यापुढे करायचं काही नाही. मालकांचाच बूट पाठवलाय बघा, मुद्दाम. ज्याच्यापासून सुरू झालं त्याच्यावरच बंद." आणि मग तो जो सुटला, तो थेट आपल्या धाकट्या लेकीच्या शिक्षणापर्यंत गेला. खिळ्याने उठून भिंतीवरच्या हातोड्यांपैकी त्याला आवडायची ती हातोडी काढली आणि आपल्या पिशवीजवळ ठेवली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच सुचवलं, की ताईला फोन लावा. मेस्त्रींनी तिला समजावलं की ते शक्य नाही. ज्या माणसाने 'नो प्रॉब्लेम' म्हटलं, त्याला पहिल्याच तीन शब्दांत प्रॉब्लेम आला, हे ताईला कळलं तर खुर्ची गेलीच म्हणायची. बायको म्हणाली, "अहो, पण न विचारता चुकीचं केलंत तर खुर्ची राहते होय?" मेस्त्री म्हणाले, चुकणार नाही, आपल्या घरात मास्तर आहे.

मास्तर म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा इंग्रजीचा क्लास होता आणि क्लासच्या पाटीवर लिहिलं होतं, 'शब्दकोशाशिवाय इंग्रजी'. त्याची पद्धत त्याच्या नावाने चार गल्ल्यांत प्रसिद्ध होती. शब्द अडला की घाबरायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही. शब्द कोणाच्या संगतीत बसलाय ते बघायचं, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायची, अर्थ आपोआप बाहेर येतो.

मास्तर कारखान्यात आला तो हात मागे बांधून, चोरीच्या जागी फौजदार यावा तसा. त्याने चिठ्ठी वाचली, उलटी करून वाचली, बूट हुंगला. मग सगळ्यांना बसवून घेतलं आणि समोरचा पाट फळा असल्यासारखा ठोकला.

"भावोजी, लास्ट म्हणजे शेवटचा, हे शाळकरी इंग्रजी झालं. लास्ट हे क्रियापदसुद्धा आहे. लास्ट होणं म्हणजे टिकणं. आता संदर्भ बघा. बूट जुना. बूट सासऱ्याचा. पाठवणारा जावई. जावई काय सांगेल? हा टिकवा. मेक धिस लास्ट. हा बूट असा करा, की तो टिकला पाहिजे."

खोलीत जीव आला. सुतळी तर मास्तरच्या पाया पडायच्या बेतात होता. चहा मागवला गेला. खिळ्याने हातोडी पुन्हा भिंतीवर लावली, पण दर्शनी खिळ्यावर नव्हे, जरा हाताशी.

मग तिघांनी मिळून तो बूट टिकवायला घेतला. जुना तळवा काढून दुहेरी लावला, वर आणखी एक रबरी. अंगठ्यापाशी चामडं बाहेर फुगलं होतं, तिथे आतून पट्टी घालून ते सरळ, ताठ केलं. टाचेला लोखंडी नाल ठोकला. प्रत्येक शिवणीवर दुसरी शिवण घातली आणि दोऱ्याला मेण इतकं लावलं की बूट काळोखातही चमकला असता. झाल्यावर खिळ्याने तो उचलून पाहिला आणि म्हणाला, "टिकेल. घालणारा टिकेल की नाही ते सांगता येत नाही." माळ्यावरच्या चार जोड्यांची आठवण एकदा सुतळीने काढली होती. मेस्त्रींनी त्याला गप्प केलं. आधी लिहिलेलं काम, मग चित्रांचं.

पुढच्याच आठवड्यात मास्तर पुन्हा आला. या वेळी हात मागे नव्हते, आणि पिशवीत काहीतरी जाड, चौकोनी होतं. त्याने ते बाहेर काढलं नाही; शब्दकोश काखेत घेऊन फिरणं त्याच्या पाटीला शोभलं नसतं. पण त्याने सांगितलं, की सहज विचार करता करता त्याला आणखी एक अर्थ सुचला आहे. जोडे करणारे जो लाकडाचा पाय वापरतात, ज्याच्यावर चामडं ताणून बसवतात, त्यालाही इंग्रजीत लास्टच म्हणतात.

"फर्मा?" मेस्त्रींनी विचारलं.

"फर्माच. आणि संदर्भ बघा, भावोजी. मी कुठे उभा आहे? जोड्यांच्या कारखान्यात. कारखान्यात लास्ट म्हटल्यावर फर्म्याशिवाय दुसरं काय? मेक धिस लास्ट. या बुटावरून फर्मा करा."

"मागच्या खेपेलाही तुम्ही इथेच उभे होतात," खिळा म्हणाला.

मास्तरने त्याच्याकडे क्लासमधल्या शेवटच्या बाकाकडे पाहतात तसं पाहिलं.

मेस्त्री रात्रभर कूस बदलत राहिले. तीन शब्द, तीन अर्थ, आणि त्यातल्या दोघांना मास्तरची खात्री. सकाळी उठून त्यांनी ठरवलं की तिन्ही करायचं. म्हणजे जावई कुठल्याही अर्थाने आला तरी त्याला तयार माल मिळावा. त्यांनी लाकडाचा ठोकळा घेतला. बूट समोर होता, पण आता तो इतका टिकाऊ झाला होता की त्याच्यात हात घालून माप घेण्याची सोय राहिली नव्हती. मेस्त्रींना गरजही नव्हती. त्या पायाचे जोडे ते तरुणपणापासून करत आले होते. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मालकांचं हाड बाहेर आलेलं होतं, बोराएवढं. तो उंचवटा त्यांच्या हाताला पाठ होता. रंधा बाजूला ठेवून ते नुसत्या रापीने आणि काचेच्या तुकड्याने घासत बसले.

राहिला पहिला अर्थ. त्याची तयारी सुतळीने आपणहून केली. हत्यारांना तेल लावून ती गोणपाटात बांधली. भिंती झाडल्या. दारावरची पाटी उतरवून पुसली आणि खुर्चीला टेकवून ठेवली. निरोपाचं एक भाषण त्याने तयार केलं होतं, ते खिळ्याने अर्ध्यावर थांबवलं, कारण दुपार झाली होती.

महिनाअखेर खिडकीत ओळखीचे बूट दिसले. करड्या चामड्याचे, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. जावई आला होता. ताई वर पायऱ्यांपाशी मेस्त्रींच्या बायकोशी बोलत थांबली, आणि तो एकटाच खाली उतरला.

त्याने चारी बाजूंनी पाहिलं. बांधलेली गोणपाटं पाहिली. उतरवलेली पाटी पाहिली. मेजावरचा बूट उचलला, तो वजनाने हात खाली घेऊन गेला तसा दोन्ही हातांनी धरला. फर्मा पाहिला. मग त्याने मेस्त्रींना काहीतरी विचारलं. मेस्त्रींना त्यातलं 'फिनिश' कळलं. काम फिनिश झालंच होतं. ते म्हणाले, "यस."

जावयाचा चेहरा उतरला. तो खुर्चीकडे, पाटीकडे हात करून आणखी काही बोलला. त्यात 'सॉरी' होतं. मेस्त्री म्हणाले, "नो प्रॉब्लेम."

जावयाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ हलवला. त्याचे डोळे ओले झाले होते. मागून सुतळीने संधी साधून भाषणाला सुरुवात केली.

मेस्त्रींशी आयुष्यात पुष्कळ जणांनी हात मिळवला होता, पण असा हात त्यांनी फक्त दुसऱ्याच्या बाबतीत पाहिला होता. नोकरी सुटलेल्या माणसाला लोक असाच हात देतात. एवढा एक अर्थ त्यांना मास्तरशिवाय लागला. तेवढ्यात ताई आत आली, मागे बायको चहा घेऊन. जावई पुन्हा बोलू लागला आणि मेस्त्रींच्या तोंडात 'नो' आलासुद्धा. त्यांनी बायकोकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि तो गिळला.

"ताई," ते म्हणाले, "जावईबापू काय बोलतायत ते मला आपल्या भाषेत सांगा. मला इंग्रजी येत नाही."

सुतळीचं भाषण मध्येच तुटलं.

ताईने नवऱ्याला विचारलं, त्याने सांगितलं, तिने पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "ते म्हणतायत, तुम्ही काम सोडताय हे त्यांना आधी कळवायला हवं होतंत. त्यांना फार वाईट वाटलं. कारखाना तुमच्या नावावर चालवायचा त्यांचा विचार होता, पण तुम्ही सगळं बांधून ठेवलंय, विचारल्यावर यस म्हणालात, तेव्हा आता ते अडवत नाहीत."

"मी कुठे सोडतोय?" मेस्त्री म्हणाले. "मला वाटलं तुम्हीच बंद करताय. चिठ्ठीत लिहिलंय ना, लास्ट."

मग चिठ्ठी हातोहात फिरली. ताईने ती वाचली, आणि हसू की रडू असा चेहरा करून सांगितलं, की त्यांना सासऱ्यांच्या बुटासारखा एक जोडा स्वतःसाठी करून हवा होता. नमुना म्हणून तो पाठवला. पण प्रदर्शनाचे चार जोडे आधी व्हायला हवेत, म्हणून बजावून लिहिलं: हा सगळ्यांच्या शेवटी करा. घाई नाही.

"शेवटी," मेस्त्री म्हणाले.

"आणि ते चार जोडे कुठेत?"

खिळ्याने शिडी लावली आणि माळ्यावरून एकेक चामडं धूळ झटकत खाली दिलं. चित्रं अजून टाचणीला होती आणि अजूनही स्वच्छ कळत होती.

प्रदर्शन परवावर आलं होतं. गोणपाटं सुटली, हत्यारं पुन्हा मेजावर आली. सुतळी शिवायला बसला आणि पहिल्यांदाच न बोलता शिवत राहिला. बायको दोऱ्यांना मेण लावत होती. जावई कोट काढून चामडं ताणून धरायला बसला. हाताने त्याला सगळं येत होतं, आणि हाताच्या कामात मेस्त्रींनाही त्याचं सगळं कळत होतं. तरी चारांपैकी दोनच जोडे पुरे झाले. तिसऱ्याचा उजवा बूट झाला, डावा राहिला.

ताई तेवढा वेळ मालकांचा टिकवलेला बूट मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "बाबांचा अंगठा इथे बाहेर यायचा," ती म्हणाली. "तुम्ही सरळ करून टाकलात." ती रागावली नव्हती, आणि तेच मेस्त्रींना जास्त लागलं. त्यांनी उठून फर्मा आणून तिच्या हातात दिला. कुठे बघायचं ते सांगितलं नाही. तिचं बोट आपोआप त्या बोराएवढ्या उंचवट्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. जाताना तिने बूट मेजावर ठेवला आणि फर्मा पिशवीत घातला.

प्रदर्शनातून अडीच जोड्यांवर जे मिळायचं तेवढंच मिळालं. तरी जावयाने निरोप धाडला, ताईच्या तोंडून, की जो कारखाना तीन शब्दांवर एवढं काम करतो त्याला पानभर सूचना देण्याची आपली छाती नाही. तेव्हा मेस्त्रींनी खुर्चीवर बसावं, आणि यापुढे चिठ्ठ्या ताई लिहील, आपल्या भाषेत. पाटी पुन्हा दारावर गेली. मास्तर हल्ली हे वाक्य क्लासमध्ये शिकवतो, चारही अर्थांसकट, आणि चौथा अर्थ आपल्याला आधीच सुचला होता असं सांगतो. मेस्त्रींनी त्याला एकदा एवढंच ऐकवलं, "मास्तर, शब्दाचे शेजारी माळ्यावर होते. तुम्ही वर बघितलंच नाहीत."

ताईचं पहिलं खोकं आलं तेव्हा मेस्त्री खुर्चीवर बसून होते. आत एक पायताणांची जोडी, तिचा सुटा झालेला एक पट्टा, आणि पट्ट्याला बांधलेली चिठ्ठी. खिळ्याने ती वाचली. मोठ्या, सुबक अक्षरांत दोनच शब्द होते: 'हा जोडा.'

"नुसतं नाव लिहिलंय," सुतळी म्हणाला. "खोक्यात काय आहे ते. हा जोडा. म्हणजे पुढची चिठ्ठी मागून येणार, आपण थांबायचं."

"पट्ट्याला बांधलीय," खिळा म्हणाला. "हा पट्टा जोडा, असं म्हणतायत."

"मग पट्टा असं लिहायला काय झालं होतं?"

"मग नाव लिहायचं तर जोड्याला का नाही बांधली?"

सुतळी म्हणाला, मास्तरला बोलवावं. मेस्त्रींनी खुर्ची मागे सरकवली, टेलिफोन पुढ्यात ओढला आणि ताईचा नंबर फिरवला.